हिरेमाळ लेआउट : संदर्भ हवा

राजश्री लग्न होऊन हिरेमाळला आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं आपलं नवं सासर ज्ञानकोशात शोधून पाहिलं. इंटरनेटवरच्या त्या मुक्त ज्ञानकोशात, जिथं कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं, लेख दुरुस्त करत बसायची सवय तिला कलबुर्गीला ग्रंथालयशास्त्र शिकताना लागली होती. वसतिगृहातल्या बाकीच्या मुली दुपारी मालिका बघत, तेव्हा ही कुठल्या तरी तळ्याचं क्षेत्रफळ पडताळत असे. हिरेमाळवर लेख होता, पण तीनच ओळींचा. 'हिरेमाळ लेआउट हे बसवकल्याणजवळील नियोजित उपनगर आहे. येथे एक शाळा आहे. येथील लोक फार चांगले आहेत.' आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी, कुणी तरी विचारपूर्वक लावलेली बारीक निळी खूण होती : 'संदर्भ हवा'.

तिला हसू आलं. लग्न जमवताना माहेरी दुबलगुंडीला तिच्या वडिलांनाही हीच शंका आली होती आणि त्यांनी तिघांकडे चौकशी करून संदर्भ मिळवला होता.

घर चांगलंच निघालं. नवरा नागसेन हुमनाबादला शाळेत शिकवायचा आणि सकाळी नऊला स्कूटर काढायचा. सासू सुमनबाई बोलायला खडखडीत, पण पोटात काही ठेवत नसत. नव्या जोडप्यासाठी म्हणून मागच्याच वर्षी घरावर एक खोली चढवली होती. तिच्या खिडकीला खाली रुंद कट्टा होता आणि तिथं बसलं की अख्खा लेआउट परातीत मांडल्यासारखा दिसायचा. सुमनबाईंची सुनेबद्दल एकच तक्रार होती, तीही चारचौघींत हसत सांगायची : "सगळं चांगलं हाय पोरीचं, वेणी तेवढी न्हाई. गंगावन लावून लग्न लावलंय आम्ही." ते खरंच होतं. बारावीत विषमज्वरानं केस गेले, ते पुन्हा आले पण मानेच्या खाली उतरायला तयार झाले नाहीत. डॉक्टर झाले, तेलं झाली. राजश्रीनं आता तो विषय वादग्रस्त म्हणून बाजूला ठेवला होता.

हिरेमाळ समजावून दिला तो सासऱ्यांनी. माणिकराव मुचळंबे यांना सगळा लेआउट अप्पा म्हणे. वय एकोणऐंशी, अंगानं काटकुळे, खिशाला कायम पेन्सिल आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. सकाळी ते फिरायला निघायचे तेव्हा हळूहळू राजश्रीही बरोबर जाऊ लागली, आणि महिनाभरात तिच्या ध्यानात आलं की आपण एका फार हुशार माणसाच्या डोक्यातून चालतो आहोत. बाकीचे लेआउट आधी माळ सपाट करतात, मग रस्ते ओढतात. इथं माळाचा मधला खोलगट भाग तसाच ठेवून त्याचं तळं केलं होतं, आणि त्याच्याभोवती एकात एक तीन वळसे घेऊन एकशे चव्वेचाळीस घरं बसवली होती. गल्ल्या जराशा तिरक्या काढल्यामुळं उन्हाळ्यातला पश्चिमेचा भाजणारा वारा घरांच्या पाठीवर यायचा, तोंडावर नाही. कोणत्याही घरातलं पोर मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचायचं. आणि दर वळणावर निंबाखाली एक दगडी कट्टा होता.

"शंभर पावलांवर एक," अप्पा एका कट्ट्यावर टेकत म्हणाले. "माझ्या बाला चालवून बघितलं व्हतं मी, ह्या माळावर. शंभरावर दम लागायचा त्याला. तिथं खूण केली."

"आणि मोठ्या साहेबांनी मानलं?"

"साहेबाला ठावं कामून असंल? त्येनं मोजलं व्हय कट्टे?"

हे सगळं अप्पांनी काढलं होतं, ही गोष्ट मात्र कुठंही लिहिलेली नव्हती. ते तेव्हा एका सरकारी कार्यालयात रोजंदारीवर नकाशे काढत असत आणि रोजंदारीवरच्या माणसानं नकाशावर सही करायची नसते. वेशीवरच्या दगडावर मंत्र्याचं नाव होतं, मुख्य अभियंत्याचं होतं, दगड बसवणाऱ्या कंत्राटदाराचंही होतं. अप्पांचं नाव आपण लेखात घालायचं, असं राजश्रीनं मनाशी ठरवून टाकलं. लग्नात तिला या घरानं बरंच काही दिलं होतं. आपण देण्यासारखं तिच्याकडं हेच एक होतं.

तिनं लेख वाढवायला घेतला. राजपत्रातली अधिसूचना मिळवली, शाळेची स्मरणिका मिळवली, तळ्याची खोली मिळवली. चांगल्या लोकांची ओळ तिनं जड मनानं काढून टाकली, कारण शेजारी रोज ताक आणून देतात हा प्रकाशित पुरावा नव्हे. आणि एका दुपारी खिडकीशी बसून तिनं लिहिलं : 'या लेआउटचा आराखडा माणिकराव मुचळंबे यांनी काढला.' तासाभरात कुणा जुन्या संपादकानं ओळ पुसली आणि खाली सभ्यपणे कारण दिलं : 'प्रकाशित स्रोत आवश्यक. संबंधित व्यक्तीचे स्वतःचे कथन ग्राह्य नाही.'

अप्पांना तिनं ते वाचून दाखवलं, तेव्हा ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. बराच वेळ हसले.

"म्हंजे मी काढलं, हे मी सांगून चालत न्हाई."

"नाही अप्पा. दुसऱ्यानं छापून सांगायला पाहिजे."

"बरोबर हाय की," सुमनबाई आतून म्हणाल्या. "सुनंनं सांगून कुठं चालतंय, मी चांगली हाय म्हणून? दुसऱ्यानं सांगावं लागतंय."

तिसऱ्या वळशातले रेवणसिद्धप्पा हे अप्पांचे जुने मित्र. त्यांची मुलगी ज्योती एका कन्नड दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायची. राजश्री तिच्याकडं गेली. ज्योतीनं मन लावून ऐकलं, लिहिलंही, आणि चार दिवसांनी ओशाळून फोन केला. "अक्का, डेस्कवाले म्हणायलेत, माणूस जिवंत हाय, घरी बसलाय, चाळीस वर्षांपूर्वी नकाशा काढलाय. यात बातमी कुठंय?"

राजश्रीनं ते अप्पांना सांगितलं नाही. पण कसं कोण जाणे, त्याच संध्याकाळी त्यांनी कपाटावरून एक पत्र्याची नळी काढली आणि तिच्या हातात दिली. "हे बघ. घरात एवढी एकच प्रत हाय. सत्त्याऐंशीची."

आत जुन्या पद्धतीची निळ्या रेघांची प्रिंट होती. उलगडली तेव्हा तिला अजून अमोनियाचा पुसट वास होता. खालच्या कोपऱ्यात चौकट होती : तपासणारा, सही, मंजूर करणारा, सही, काढणारा, कोरं. पण राजश्रीचं लक्ष तिथं राहिलं नाही. हा नुसता नकाशा नव्हता. उंचावरून पाखराला दिसावा तसा अख्खा हिरेमाळ अप्पांनी उभा केला होता : तळं, वळसे, एकेक निंब, आणि प्रमाण कळावं म्हणून नकाशावाले काढतात तशी माणसं. बोटाच्या नखाएवढी, पण प्रत्येकाला स्वतःची ठेवण होती. कुणी नळावर, कुणी कट्ट्यावर, शाळेच्या वाटेवर मुलांची रांग. तिला इतकं कौतुक वाटलं की ती रात्रीच्या भाकरी विसरली आणि सुमनबाईंनी त्या थापल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं भिंग घेतलं. लेखासाठी प्रत्यक्ष जागा आणि आराखडा ताडून पाहायचा, एवढाच हेतू होता. घरं बरोबर होती. कट्टे बरोबर होते. दुसऱ्या वळशात निंबांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. तिथला निंब गेल्या वैशाखात वादळानं पडला हे तिला ठाऊक होतं, आणि ती पुढं सरकलीही, आणि मग थांबली. सत्त्याऐंशी साली तिथं निंब लावला गेला असेल तर आराखड्यात तो हवा होता.

नजरचूक असेल. चित्रकार कुठं तरी एक झाड विसरतोच.

मग तिला तिसऱ्या वळशातलं सतरा नंबरचं घर दिसलं, रेवणसिद्धप्पांचं. बाकी सगळ्या घरांना तीन पायऱ्या होत्या. या एकाच घराला पायऱ्यांच्या जागी उतार होता आणि उतारावर एक माणूस चाकांच्या खुर्चीत बसला होता. साखरेनं रेवणसिद्धप्पांचा पाय गेल्याला दोन वर्षं झाली होती. उतार तर दिवाळीनंतर बांधला होता. त्याच्या सिमेंटवर कुत्र्याच्या पावलांचे ठसे अजून ताजे दिसत.

राजश्रीनं भिंग खाली ठेवलं. नंतर उचललं आणि पहिल्या वळशात बावन्न नंबर शोधला. तिचं घर. घरावर एक खोली चढवलेली होती.

"आत्या," तिनं दुपारी सासूबरोबर तांदूळ निवडताना सहज विचारावं तसं विचारलं, "वरची खोली बांधायचं आधीपासूनच मनात होतं का?"

"कुठलं मनात? पाया पेलतोय का न्हाई हेच ठावं नव्हतं. तुझं जमलं तवा नागसेननं हट्ट धरला." सुमनबाई सूप थांबवून तिच्याकडं बघू लागल्या. "नकाशा बघायलीस व्हय? मी न्हाई बघत. एकदा बघितला, तवा नागसेन पोटात व्हता. मी म्हनलं, हे बंद करा. तवापासून नळी कपाटावर हाय."

मग पुन्हा सूप हलू लागलं.

तरीही राजश्रीला भीती अशी वाटली नाही. उलट त्या चित्राकडं पाहताना तिला एक प्रकारचा अभिमानच वाटे. वाऱ्याची दिशा ज्याला कळली, बापाचा दम ज्याला मोजता आला, त्याला कुठला माणूस कुठं बसेल याचाही अंदाज आला असेल. चांगला आराखडा म्हणजे दुसरं काय असतं? बावन्न नंबरच्या फाटकाशी स्कूटर काढणारा माणूस होता, डावा खांदा किंचित उतरलेला, अगदी नागसेनसारखा. गच्चीवर दोरीवर कपडे वाळत घालणारी, सुमनबाईंसारखी कमरेत जरा कललेली बाई होती. व्हरांड्यात वेताची खुर्ची होती, रिकामी, तिच्या हातावर पंचा टाकलेला. आणि वरच्या खिडकीच्या कट्ट्यावर, मान खाली घालून, एक तरुण बाई बसली होती. स्वतःला असं बघून राजश्रीला लाजल्यासारखं झालं. तिनं भिंग आणखी जवळ नेलं. त्या बाईची वेणी कट्ट्यावरून खाली सुटली होती. लांब, जाड, कट्ट्याच्या खालच्या कडेपर्यंत लोंबणारी.

ती खाली आली तेव्हा अप्पा पेन्सिलीला टोक करत होते.

"अप्पा, हे कधीचं चित्र आहे?"

"सकाळचं. सावल्या बघ की. नवाच्या सुमाराचं."

"कोणत्या दिवसाचं?"

त्यांनी टोक तपासलं, पुन्हा ब्लेड लावलं. "हात चालायचा तवा. मी न्हाई विचारलं त्येला."

"तुम्ही कुठं आहात यात?"

"काढणारा चित्रात नसतोय, पोरी. त्येचं नाव कोपऱ्यात येतंय. आलं तर." ते हसले, पण मग तिच्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू विरलं. "तू वरची खिडकी बघितलीस."

तिचा हात आपोआप मानेकडं गेला.

"मला वाटलं, चित्रातलंबी गंगावनच आसंल," अप्पा हळूच म्हणाले. "लग्नात तुझी वेणी बघून जिवाला बरं वाटलं व्हतं माझ्या." मग, जणू दुसऱ्याच कुणाला सांगावं तसं ते म्हणाले, "ट्रेसिंगवर, म्हंजे ज्येच्यावरनं प्रिंट निघती त्या मूळ कागदावर, चूक झाली तर ब्लेडनं खरवडून काढता येती. शाई वरच्यावर असती तिथं. प्रिंटवर न्हाई येत. आन् ट्रेसिंग आपिसातच ऱ्हायलं, रद्दीत गेलं."

"जाऊ द्या अप्पा," तीच त्यांची समजूत घालत म्हणाली. "लेखात नाव यायला संदर्भ मिळाला की पुरे."

"त्ये येईल. तेवढं ठावं हाय मला."

त्यानंतरचे पंधरा दिवस ते रोज दुपारी, ती स्वयंपाकघरात असताना, जिना चढून वर जात. वरची खोली थंड असते, म्हणत. राजश्रीला ते बरं वाटे. एकदा ती अचानक वर गेली तेव्हा ते खिडकीच्या उजेडात नकाशा धरून उभे होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. तिला पाहून त्यांनी घाईनं गुंडाळी केली आणि मुलानं चोरून गूळ खाल्ल्यावर बघावं तसे बघत राहिले.

एका गुरुवारी सकाळी फिरायला गेलेले अप्पा तिसऱ्या वळणावरच्या कट्ट्यावर टेकले ते उठले नाहीत. रेवणसिद्धप्पा आपल्या उतारावरून ते बघत होते. त्यांना आधी वाटलं, नेहमीसारखा दम खात असेल. पुढं सांगताना ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत, "मागच्या कट्ट्यापासून शंभर पावलंच झालती त्याची. मी मोजली." अप्पांच्या खिशात पेन्सिल मिळाली आणि कागदात न गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. त्याची धार पार बोथट झाली होती.

जलदानविधीला अख्खा लेआउट आला. आदल्याच दिवशी ज्योतीच्या दैनिकात पाचव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार बोटं रुंदीची बातमी छापून आली होती : हिरेमाळचा आराखडा काढणारे माणिकराव मुचळंबे यांचे निधन. ज्योतीनं कात्रण राजश्रीच्या हातात ठेवलं आणि रडू आवरत म्हणाली, "आता बातमी झाली म्हणायलेत."

राजश्रीनं ती ओळ पुन्हा लिहिली. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान पाच. या वेळी ती कुणी पुसली नाही. उलट त्या जुन्या संपादकानं खाली एक शब्द सोडला होता : 'उत्तम'. ओळीच्या शेवटी संदर्भाचा बारीक निळा आकडा चमकत होता आणि तिला वाटलं, आपण या घराला देण्यासारखं जे होतं ते देऊन झालं.

मग एका सकाळी, लेखाला जोडायला म्हणून तिनं नकाशाचा फोटो घ्यायचं ठरवलं. अप्पा गेल्यापासून तिनं नळी उघडली नव्हती. नागसेन नुकताच फाटकाशी स्कूटर काढत होता. खाली व्हरांड्यात सुमनबाईंनी वेताची खुर्ची हलवू दिली नव्हती, तिच्यावर कुणी बसायचं नाही असं त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं, तरी कुणी बसत नसे. काल त्यांनी अप्पांचा धुतलेला पंचा आणून तिच्या हातावर टाकला होता.

राजश्रीनं प्रिंट गादीवर पसरली आणि सवयीनं एकेक बाब पडताळत गेली. निंबाची मोकळी जागा, आहे. सतराचा उतार, आहे. वरची खोली, आहे. खुर्ची रिकामी, पंचा टाकलेला, आहे. कोपऱ्यात काढणारा या शब्दापुढं अप्पांच्या सुबक अक्षरात पेन्सिलीनं नाव भरलेलं होतं. तिनं त्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि भिंग वर गच्चीवर नेलं.

दोरीवरचे ते बारीक चौकोन तिनं आजवर रुमाल म्हणून धरले होते. आता नीट पाहिलं तर त्यांना बाह्या होत्या. झबली होती. एक, दोन, सहा. आपल्याला दिवस गेलेत की काय, ही शंका तिला चारच दिवसांपूर्वी आली होती. ती तिनं अजून नागसेनलाही सांगितली नव्हती. क्षणभर तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. मग तिनं बोटांवर महिने मोजले. ही झबली दोरीवर येतील तेव्हा वर्षही झालं नसतं, आणि तेवढ्यात कुणाची वेणी एवढी वाढत नाही. आणि तिनं हात मानेमागं नेऊन आपल्या केसांचं टोक चाचपलं. ते जिथं होतं तिथंच होतं.

खिडकीतल्या त्या दुसऱ्या बाईपाशी प्रिंट पांढुरकी दिसत होती. तिनं कागद उचलून उजेडासमोर धरला. अर्ध्या ब्लेडनं, रोज थोडं थोडं, हात न थरथरू देता कुणी तरी तिथं खूप दिवस खरवडलं होतं. कागद झिजून झिजून त्यातून पलीकडचं तळं दिसत होतं, तळ्यावरचा नवाचा उजेड दिसत होता. वेणी तशीच होती.